व्याही

गावात मला सगळे नावानं हाक मारायचे. नाना तेवढे "व्याही" म्हणायचे. आमच्यात सोयरीक कसलीच नव्हती. माझं रान उतारावर आणि त्यांचं त्याच्याखाली, एवढाच संबंध. पावसात माझी माती वाहत जायची आणि त्यांच्या बांधाला अडायची. काष्टीच्या बाजारात चारचौघांत ते सांगायचे, "व्याह्यांची लेक आमच्याकडं नांदायला आली. लई सुखात हाय." लोक हसायचे आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

खरं तर नांगरट माझी देखणी. वरून खाली सरळ तास, रस्त्यानं जाणारा थांबून बघायचा. नाना उताराला आडवं औत धरायचे, वाकडंतिकडं. बांधावर गवत राखायचे, त्यात शेळी शिरू द्यायचे नाहीत. एवढी जागा वाया का घालवता, असं मी एकदा विचारलं. "दारातला म्हातारा बी कामाचा असतो, व्याही. जानाऱ्याला इचारतो, कुठं निघाला?"

पाऊस लागला की डोक्यावर पोतं घेऊन नाना पाणी गोळा करत हिंडायचे. ओसरीवर चहाचे तीन ग्लास निवळत ठेवायचे. गुरांनी खरवडलेल्या माळाचं पाणी गढूळ, माझ्या रानाचं त्याहून गढूळ. त्यांच्या सांडव्याचं पाणी मात्र नितळ. येणाऱ्याजाणाऱ्याला ते ग्लास दाखवायचे, आणि मी त्या वाटेनं जाणंच सोडलं.

बहात्तरच्या दुष्काळात माझ्या रानात काडी उगवली नाही. नानांच्या बांधालगत गुरांपुरता कडबा झाला. माझ्याच मातीवर झाला, हे मला फार सललं. मी जळत होतो, दुसरा शब्द नाही.

पुढच्या वर्षी एकदा पाऊस असा कोसळला की मी घोंगडी घेऊन पळत सुटलो. माझं रान बघायला नव्हे, नानांचा बांध फुटला का ते बघायला. बांध जागच्या जागी होता. माझ्या रानात मात्र तासातासाला घळ पडून मुरूम उघडा झाला होता. नाना बांधावरच उभे होते. "लेकीला भेटाया आला व्हय?" एवढंच म्हणाले.

आठ दिवसांनी त्यांची बैलगाडी माझ्या रानात आली. गाडीत बांधाची काळी माती, वर खण आणि नारळ. "सनाला म्हायेरी धाडली," नाना म्हणाले. मी माती उतरवून घेतली. चहाचं विचारलं नाही.

त्या संक्रांतीच्या आधीच नाना गेले.

पुढच्या पावसाळ्यापूर्वी मी आडवी नांगरट केली. नानांच्या बांधावरचे गवताचे ठोंब आणून माझ्या बांधावर लावले. पाऊस झाल्यावर माझ्या सांडव्याचं नितळ पाणी ग्लासात धरलं आणि नानांच्या ओसरीवर घेऊन गेलो. खरं सांगतो, जिंकल्यासारखं मिरवतच गेलो. नानी एकट्याच बसल्या होत्या. त्यांनी ग्लास उजेडात धरून बराच वेळ पाहिला.

"म्हंजी व्याही," त्या म्हणाल्या, "आता तुमची लेक आमच्याकडं येनार न्हाई."