चकतीवाले आणि पोस्टमनची बाग

माझ्या शेजारच्या दुकानदाराला सगळे चकतीवाले म्हणतात. वापरलेले व्हिडिओ गेम विकत घ्यायचे, पुसून-तपासून पुन्हा विकायचे, हा त्यांचा वीस वर्षांचा धंदा. माझं कपडे दुरुस्तीचं दुकान त्यांच्या भिंतीला लागून आहे, त्यामुळे त्यांच्याकडचे बंदुकीचे बार आणि माझ्या मशीनची खडखड एकमेकांना सोसतात. सुरुवातीला मला या माणसाचा रागच यायचा. चांगला धडधाकट बाप्या दिवसभर खेळत बसतो म्हणजे काय? नंतर कळलं, ते खेळत नाहीत. आलेली गेमची प्रत्येक चकती खिडकीच्या उजेडात तिरकी धरून चरे बघतात, मग मशीनमध्ये घालून दहा मिनिटं चालवतात, की काम संपलं. त्यांना हजारभर खेळांची सुरुवात ठाऊक आहे आणि शेवट एकाचाही नाही.

त्यांचा एक हट्ट मात्र डोक्यात जायचा. त्यांना खेळ विकायला येणाऱ्याने चकतीच्या डब्यातल्या चिठ्ठीवर स्वतःच्या हाताने लिहायचं, ‘ही माझी होती, आता देऊन टाकली.’ खाली सही, आणि वाटलं तर पुढच्यासाठी दोन शब्द. गिऱ्हाइकं वैतागायची.

“भाऊ, खेळ विकताय की जमीन?” मी एकदा विचारलंच.

“ताई, जी आपली असते तीच वस्तू देता येते,” ते म्हणाले. “तेवढं माणसाने एकदा लिहून बघावं.”

मला हे शहाणपण जरा जास्तच वाटलं. पुढे लोक घरबसल्या पैसे भरून खेळ थेट मशीनमध्ये उतरवून घ्यायला लागले. डबा नाही, चकती नाही, म्हणजे पुढे विकायलाही काही नाही. चकतीवाल्यांचं दुकान ओस पडू लागलं आणि मला त्यांची काळजी वाटू लागली, पण बोलून दाखवेन तर ना.

गेल्या महिन्यात एक नर्स ड्यूटीवरून परस्पर त्यांच्याकडे आली. पिशवीत तिच्या वडिलांचं गेमचं मशीन होतं, त्यावर या दुकानाचा जुना स्टिकर. वडील पोस्टमन होते, दोन महिन्यांपूर्वी गेले. निवृत्तीनंतर आठ वर्षं रोज संध्याकाळी ते एकच खेळ खेळत, बाग लावण्याचा. आई शेजारी खुर्ची ओढून बसायची आणि कुठे काय लावायचं याचे हुकूम सोडायची. ते गेल्यावर आई स्वतःच बटणं दाबायला शिकली. रोज त्या बागेतून एक फेरी मारायची, एवढंच.

पण ही मुलगी पडली सरळमार्गी. तिने बँकेला कळवलं, फोनवाल्यांना कळवलं आणि वडील वारल्याचं खेळाच्या कंपनीलाही कळवलं. कंपनीने दुःख व्यक्त केलं आणि खातं बंद केलं, त्याबरोबर थेट मशीनमध्ये उतरवलेला तो खेळही. खेळ त्यांच्या एकट्याच्या वापरासाठी होता, वारसांना देता येत नाही, असं अटींत लिहिलं होतं म्हणे.

“पैसे बाबांनी पूर्ण भरले होते, काका,” ती म्हणाली. “आई अजून त्या वेळेला खुर्ची ओढून बसते. बंद पडद्यासमोर. मीच कळवलं ना, माझ्याच हाताने घालवली बाग.”

भिंतीपलीकडून हे ऐकून मी कात्री हातात घेऊनच तिथे पोचले होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी नीट करून दिलेला बापाचा कोट मुलगा घालतो, तेव्हा मी काय त्याच्या बाह्या उसवायला जाते?

“ताई, आधी कात्री ठेवा,” चकतीवाले म्हणाले आणि मुलीकडे वळले. “बाग मशीनमध्येच असेल, पुसली नसेल. गेली ती किल्ली. याच खेळाची जुनी चकती मिळाली, तर कदाचित उघडेल. खात्री देत नाही.”

ते गुडघ्यावर बसून सगळ्यात खालच्या फळीवर शोधू लागले. बंदूक नसलेला खेळ कोण घेणार, म्हणून असले डबे तिथेच धूळ खात पडतात. एक डबा सापडला. त्यांनी उघडला, चिठ्ठी वाचली आणि ती मुलीच्या हातात दिली.

अक्षर तिच्या वडिलांचं होतं. ‘ही माझी होती, आता देऊन टाकली. गुडघ्यांमुळे सारखं उठून चकती घालणं होत नाही, म्हणून बिनचकतीचा घेतोय. पुढच्यास सूचना: विहिरीजवळ गुलाब लावू नये, बायको ओरडते.’

चकती आत गेली. मशीन घरघरलं, पडदा बराच वेळ काळाच राहिला, मग बाग आली. विहिरीजवळची जागा मोकळी होती. मुलगी रडली, मीही रडले. चकतीवाले घड्याळाकडे न बघता अर्धा तास त्या बागेतून फिरत राहिले.

आणि मग या माणसाने तिला डब्यावरची किंमत सांगितली. मी डोळे वटारले.

“फुकट दिली तर ती माझी मेहेरबानी,” ते मला म्हणाले. “विकत घेतली की हिच्या आईची. मग कुणी येऊन बंद करणार नाही.” त्यांनी पावती आईच्या नावाने केली.

आठवड्याने ती आई स्वतः डबा घेऊन आली. चिठ्ठीवर सही करायची राहिली म्हणाली.

“सही विकणाऱ्याने करायची असते, वहिनी,” चकतीवाले म्हणाले.

“पेन द्या,” ती म्हणाली.

नवऱ्याच्या सहीखाली तिने सावकाश लिहिलं, ‘ही माझी आहे. देणार नाही. विहिरीजवळ एक गुलाब लावला आहे.’