दाजींच्या इंजिनातलं जास्तीचं तेल

ही गोष्ट आजपर्यंत माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. बायकोपुढेही नाही—आणि तिच्यापासून काही लपवणं काय सोपं आहे? तुम्ही आमच्या पाहुण्यारावळ्यांतले नाही, म्हणून सांगायला बसलोय. हसू आलं तर खुशाल हसा. मलाही येतं—मग मध्येच थांबतं.

आधी माझ्या हाताबद्दल सांगतो. हुलसूरला आमचं धान्याचं दुकान आहे. काटा बरोबर आला की आमचा हात थांबत नाही, वरून एक मूठ डाळ टाकायचीच. कानडीत त्याला कोसरू म्हणतात. ती मूठ टाकल्याशिवाय अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गिऱ्हाईक कधी पाठवलं नाही. नेमकं तोलून देणारा माणूस आमच्याकडे चिकट ठरतो. गल्ल्यावर बसून बसून माझ्याही हाताला तीच सवय लागली.

तर दाजी. माझ्या अक्काचे यजमान, हळ्ळीखेडचे. शेती मोठी, पण जीव सगळा गाडीत. त्यांच्या पांढऱ्या गाडीत बसायचं तर आधी चपला झटकाव्या लागत. स्टेअरिंग दुसऱ्याच्या हाती देणं त्यांना माहीतच नव्हतं. गाडी चालवताना ते बसवण्णांची वचनं गायचे, अगदी मोकळ्या गळ्याने, आणि वळण आलं की सूर लांबवायचे. मागे बसून आम्ही एकमेकांना कोपरं मारायचो.

भाचीसाठी कलबुर्गीचं स्थळ आलं होतं. मुलाचं घर बघायला निघायचं म्हणून मी आदल्या दिवशीच हळ्ळीखेडला मुक्कामी गेलो. सकाळी दाजींनी अंगणात बॉनेट उघडलं. तेल मोजायची पट्टी काढली, फडक्याने पुसली, पुन्हा घालून पाहिली. डब्यातलं थोडं तेल ओतलं. पुन्हा पाहिलं, समाधानाने मान हलवली आणि आंघोळीला गेले. बॉनेट उघडं. तेलाचा डबा तिथेच—अजून चांगला भरलेला.

आणि मी तिथे एकटा. काय वाटलं मला? वाटलं, लांबचा रस्ता, उन्हाचे दिवस, अन् दाजींनी घातलं काय, तर चमचाभर. एवढा हात आखडता कशाला? तेलाने गाडीचं कधी वाईट झालंय का? वरची एक मूठ म्हणून मी डबा वाकवला—आणि मूठ मूठ म्हणता डबा रिकामा झाला. झाकण लावून तो मी डिकीत ठेवून दिला. उपकार केल्याच्या थाटात चहा प्यायला गेलो.

हुमनाबाद सोडलं आणि मागे निळसर धूर दिसू लागला. जळक्या तेलाचा वास सुटला. गाडी ओढेना. दाजींचं वचन अर्ध्यात थांबलं. रस्त्याकडेच्या गॅरेजवाल्याने पट्टी काढून बघितली आणि कपाळावर हात मारला. तेल इतकं झालं होतं की आतला फिरता दांडा त्यात बुडून ते ताकासारखं घुसळत होता. सगळा फेस. फेसाने यंत्राची झीज थांबत नाही, आणि दाबाने सील जाऊन तेल खाली गळत होतं, ते वेगळंच.

दाजी म्हणाले, "मी पट्टी बघून घातलो की." मग त्यांनी डिकीतून डबा काढला. हलवला. रिकामा.

रेशमी लुगडं सावरत अक्का म्हणाली, "एवढं कामून ओतलं म्हणते मी?"

दाजी डब्याकडे बघत राहिले. "मीच ओतलो असंल. नजर गेली दिसती माझी."

त्या वेळी मी काय करत होतो? पाणी पीत होतो. बाटली तोंडाला लावली होती—काढलीच नाही. एका वाक्याचं काम होतं. भाचीची सोयरीक, अक्काचा राग, माझा थाट... भ्यालो, झालं.

जीप करून आम्ही कलबुर्गी गाठलं, तेलाच्या डागांसकट, आणि धुराची हकिगत सांगावीच लागली. सोयरीक जमली. नवे व्याही आजही दाजींना धुरवाले पाहुणे म्हणतात, लग्नातही म्हणाले, आणि मांडवभर हशा पिकला. मीही हसलो. सगळ्यांत मोठ्याने मीच हसलो, त्याची मला आज लाज वाटते.

गाडी दुरुस्त झाली, दाजी नाही झाले. बीदरला जाऊन त्यांनी डोळे तपासून घेतले. डॉक्टरांनी ठीक आहेत म्हटलं, तरी हट्टाने चष्मा करून आणला. आणि एक दिवस किल्ली माझ्या हातात ठेवली. "शिवा, आता तूच चालव. माझ्या नजरेचा मलाच भरवसा न्हाई."

आता कुठे लांब जायचं झालं की दाजी मला हुलसूरहून बोलावून घेतात, बॉनेट उघडतात, पट्टी पुसतात, आणि माझ्यापुढे धरतात. "बघ रे, मापात हाय का?"

"व्हय दाजी, मापात हाय."

त्या सकाळीही ते मापातच होतं. दाजींनी बरोबर बघितलं होतं. वर ओतलं ते मी.

मग ते डावीकडचं दार उघडून बसतात, चष्मा पुसतात, आणि मी गाडी चालू करतो. वळणं तीच आहेत. दाजी गात नाहीत.