आवाज तेवढा काढून दे

काचबिंदूने बाबांची नजर जवळजवळ गेली. हयातभर अकोल्याच्या कोर्टात वकिली केलेला माणूस, सकाळी पेपर हातात आल्याशिवाय चहाला तोंड न लावणारा. आता दिवसभर खाटेवर बसून पंख्याचा आवाज ऐकायचा. दादा-वहिनी दोघेही नोकरीवर जाणारे. दादाने त्यांना मोठ्या बटणांचा एक स्पीकर आणून दिला होता. त्यात पेनड्राइव्ह खोचायचा आणि बटण दाबायचं, एवढंच. बाबांना ते जमायचं.

एकदा वहिनीने त्यांना फोनवर एक व्हिडिओ लावून दिला. नांदगाव खंडेश्वरकडचा एक म्हातारा घराच्या ओट्यावर बसून गावच्या गोष्टी सांगायचा आणि त्याची सून त्या इंटरनेटवर टाकायची. त्याचं नाव ऐकताच बाबा उठून बसले.

"हा तर माह्या वर्गातला हाय! शाळेत एका पट्टीवर बसत होतो आमी."

बाबा त्याच गावचे. मॅट्रिकनंतर गाव सुटलं, शेत काकांकडे राहिलं आणि जाणं-येणं संपलं. त्या दिवसापासून त्यांना त्या गोष्टींचं वेड लागलं. पण फोन त्यांच्या हाती टिकेना. मध्येच जाहिरात लागायची, बोट भलतीकडे पडायचं आणि गोष्टीच्या जागी कोणी तरी केस गळण्यावरचं औषध सांगत बसायचं. शेवटी त्यांनी मला अमरावतीला फोन केला.

"तू कॉम्प्युटरवालीच ना? मले या गोष्टींचा आवाज तेवढा काढून दे. त्या डब्यात टाकून दे."

मी शाळेत भूगोल शिकवते. पण बाबांच्या लेखी जिच्या घरी लॅपटॉप ती कॉम्प्युटरवाली. मी हो म्हटलं. किती वेळ लागणार, असं वाटलं होतं.

आधी त्या सुनेला व्हिडिओखाली लिहून विचारलं, सगळी हकीकत सांगितली. तिने दुसऱ्याच दिवशी उत्तर दिलं, "घ्या न ताई, मामंजींना आनंदच होईल." वर स्वतःचा फोन नंबरही दिला. सगळ्या खटपटीत तेवढं एकच काम सरळ झालं.

पहिल्यांदा मी लॅपटॉपवर व्हिडिओ लावला आणि शेजारी फोन ठेवून त्यात रेकॉर्डिंग केलं. ऐकलं तर म्हाताऱ्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा, आणि त्यावर आमच्या कुकरच्या शिट्ट्या. खालून भाजीवाल्याचा भोंगाही सगळाच्या सगळा आला होता. मग लॅपटॉपमध्येच रेकॉर्डिंगचा प्रोग्राम घेतला. हिरव्या रेघा नाचायला लागल्या, मीही खूश झाले. नंतर ऐकलं तर तोच कुकर! तो प्रोग्राम आतला आवाज घेतच नव्हता. लॅपटॉपचा माइक खोलीतलं सगळं ऐकत बसला होता.

कॉम्प्युटरच्या दुकानात विचारलं. दुकानदाराने मान वर न करता सांगितलं, "सेटिंगमध्ये जा, स्टिरिओ मिक्स म्हणून असते, ते चालू करा." माझ्या लॅपटॉपमध्ये ते नव्हतंच. परत विचारलं तर म्हणाला, "मंग तुमच्या मशीनमध्ये देलंच नसन." एवढं सांगून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

पुढचा प्रोग्राम मिळाला तो खरंच आतला आवाज घेणारा. आता घरच्यांना त्रास नको म्हणून मी लॅपटॉपचा आवाज पूर्ण बंद केला, गोष्ट लावली आणि पेपर तपासत बसले. गोष्ट संपली. रेकॉर्डिंग उघडलं तर आडवी सरळ रेघ. आवाज बंद म्हणून आतही बंद! मी लॅपटॉप इतक्या जोरात मिटला की नवरा आतून विचारता झाला, "काय फुटलं?"

पुन्हा बसले. या वेळी आवाज चालू ठेवला, तर ऐन गोष्टीत जाहिरात आली आणि ती संपते न संपते तोच शाळेच्या ग्रुपवर मेसेजांची टणटण सुरू झाली. ते सगळं कापायचं कसं हे शिकण्यात आणखी एक रविवार गेला. बाबांचा फोन रोज.

"झालं काय?"

"करून राहिली, बाबा."

"एवढा काहून वेळ लागते? सांगून तर तो राह्यला, तुले काय करा लागते?"

मी दात-ओठ खाल्ले आणि फोन ठेवला.

अखेर पेनड्राइव्ह घेऊन अकोल्याच्या बसमध्ये बसले. बाबा अंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून तयार. स्पीकरमध्ये पेनड्राइव्ह खोचला आणि बटण दाबलं. काहीच नाही. पुन्हा दाबलं. तो डबा फक्त एमपीथ्री वाजवायचा आणि मी फाइली भलत्याच प्रकारात ठेवल्या होत्या. बाबांनी तोंड खिडकीकडे वळवलं, आणि ते मला रागावण्यापेक्षा जास्त लागलं. संध्याकाळी दादा ऑफिसातून आल्यावर त्याच्या कॉम्प्युटरवर त्या फाइली बदलून घेतल्या.

मग एकदाचा तो आवाज खोलीत घुमला. म्हातारा सांगत होता, लहानपणी तो आणि त्याचा एक सोबती कोणाच्या तरी वावरात हरभरा चोरायला गेले. बैल मागे लागला. सोबती पळून गेला आणि हा विहिरीत मोटेचा दोर धरून लटकत राहिला. वावरवालीने त्याला वर ओढलं, आधी भाकर खाऊ घातली आणि मग बदडलं.

बाबांनी चाचपडत बटण दाबून गोष्ट बंद केली.

"लबाड! लटकलो मी होतो. पळाला हा!"

"बाबा, पुढचं तर ऐका."

"काही ऐकत नाही. त्याले फोन लाव."

मी सुनेच्या नंबरावर फोन लावला. तिने फोन सासऱ्यांना दिला. बाबांनी नाव सांगितलं, पण ओळखपाळख, खुशाली असलं काही विचारलंच नाही.

"काहून बे, विहिरीत कोण लटकलं होतं?"

पलीकडून मोठ्याने हसू आलं. "तूच, लेका! पण तू तं गाव सोडून गेला. तुयी गोष्ट वावरावानी पडीत होती, म्या वाहिली."

बाबाही हसले. नजर गेल्यापासून त्यांना इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं. मग तो बैल कोणाचा, गुरुजींचा फेटा कोणी लपवला, यावर भांडण जुंपलं ते चहा निवून गेला तरी सुरूच. आता रोज दुपारी त्यांचा फोन असतो. स्पीकरकडे बाबा वळूनही पाहत नाहीत. गोष्टी अजून पुष्कळ शिल्लक आहेत म्हटलं तर म्हणाले, "त्या गोष्टी लोकांसाठी सांगते तो. मले खऱ्या सांगते."

मला आनंद झाला नाही असं नाही. पण माझे ते सगळे रविवार? एक नंबर फिरवून जे झालं असतं, त्यासाठी मी महिनाभर डोकं फोडलं होतं.

मागच्या रविवारी मी पुन्हा अकोल्याला गेले. फोन लागल्यावर बाबा हळूच मला म्हणाले, "हे रेकॉर्ड कर. तो काय काय बोलते, राहू दे आपल्यापाशी."

मी रेकॉर्डिंगचं बटण दाबलं. लगेच फोनमधली बाई दोन्हीकडे ऐकू जाईल अशी खणखणीत इंग्रजीत बोलली, की हा कॉल रेकॉर्ड होतो आहे.

"ही बाई कोण हाय बे मधातच?" पलीकडून प्रश्न आला. बाबांनी सांगितल्यावर म्हाताऱ्याने घसा खाकरला आणि व्हिडिओतल्या आवाजात सुरू केलं, "नमस्कार मंडळी! आज आपण ऐकणार आहोत…"

"बंद कर ते," बाबा माझ्यावर ओरडले. मी बंद केलं. ती बाई पुन्हा बोलली. तोवर तिकडे कोणी तरी आलं आणि फोन ठेवला गेला.

"तुले काही जमत नाही," बाबा म्हणाले.