शेवटच्या कडव्यातलं नाव

आमच्या आणि सरजाबाईच्या घरामध्ये भिंत एकच, तीही पत्र्याची. माझं शिलाई मशीन सुरू झालं की त्यांच्या मांडणीवरची भांडी वाजतात. पालमच्या आमच्या वस्तीत एवढ्यातेवढ्यावरून कुणी कुणाला बोलत नाही. म्हणून त्यांची लेक सुकेशनी दारात येऊन घटकाभर मशीन बंद ठेवा म्हणाली, तेव्हा माझं डोकंच फिरलं. लग्नसराई तोंडावर आणि ब्लाऊजांचा हा ढीग पडलेला.

"कामून? कोन आजारी हाय?" मी विचारलं.

"आजारी न्हाई कुनी, काकू. गाणं भरायलेय मी, रेकॉर्ड करायलेय. घरातच, मोबाईलवर."

पोरगी दिवसभर कपड्याच्या दुकानात उभी असते. गाणं मात्र लहानपणापासूनचं. तिचा चुलता सिद्धोधन याची गायन पार्टी आहे. भीमजयंतीला, लग्नाला, नामकरणाला ही पार्टी गाते. पुढे एकच माईक, तो सिद्धोधनचा. सुकेशनी आणि बाकीच्या पोरी दोन पावलं मागे उभ्या राहून त्याची ओळ झेलणार. आमच्या गाण्यांची एक रीत आहे. शेवटच्या कडव्यात ज्यानं गाणं रचलं त्याचं नाव येतं. नाव आलं की लोकांना कळतं, गाणं कुणाचं.

गेल्या वर्षी सुकेशनीनं स्वतः एक गाणं रचलं. शेवटची ओळ होती, 'सुकेशनी म्हणे बाई, मागं का राहायचं?' सिद्धोधनला गाणं आवडलं, आणि त्यानं ते यंदा एका लग्नात गायलं. शेवटच्या कडव्यात सुकेशनी काढली आणि सिद्धोधन घातला. मात्राही चपखल बसल्या. बाईला मागे राहू नको म्हणून सांगणारं गाणं, आणि सांगणारा कोण, तर हा मिशीवाला. लोकांनी माना डोलावल्या. मला तर ताटावरून उठावंसं वाटलं, पण जिलेबी चांगली होती.

घरी आल्यावर अंगणातच दोघांची जुंपली.

"पार्टी माझी हाय," सिद्धोधन म्हणाला. "आन् तुजं नाव काय, माजं काय, घरातलंच हाय की."

"मंग माजंच राहू द्या, काका. घरातलंच हाय."

सिद्धोधननं आवाज चढवला. "जयंती झाली की नांदेडला जाऊन हे गाणं भरनार हाय मी. माज्या आवाजात, माज्या नावानं. कुनाला सांगायचं त्याला सांग."

एकदा ते तसं बाहेर पडलं की गाणं कायमचं त्याचं झालं असतं. सुकेशनीनं पार्टी सोडली. जयंतीच्या आधी स्वतःच गाणं भरायचं ठरवलं. साथीला कुणी येईना. सिद्धोधनशी वाकडं कोण घेणार? "मंग समदं मीच वाजवते," ती म्हणाली.

दारात उभ्या उभ्या तिनं हे सांगितल्यावर मी मशीनवर चादर टाकली. शिवाय आवाज घुमू नये म्हणून पत्र्यांना लावायला चार वाकळाही दिल्या. एप्रिलचं ऊन, त्यात पंखाही बंद, कारण माईकमध्ये पंखा आधी आणि माणूस नंतर ऐकू येतो. घामानं निथळत तिनं आधी पेटी भरली. मग ती कानात ऐकत ढोलकी. ढोलकी तिला धड येत नव्हती. बोटं सुजली, पट्ट्या बांधल्या, पुन्हा बसली. मी भिंतीपलीकडून ऐकत होते. हट्टी आहे, बापा. त्या पत्र्याच्या भट्टीत मी तर तासाभरात गाणं, चुलता, सगळं सोडून दिलं असतं.

शेवटी गळा भरायची वेळ आली, आणि गाडी तिथंच अडली. कितीदाही म्हटलं तरी आवाज बारीक, लांबून आल्यासारखा. तिनं मला बोलावून ऐकवलं. रस्त्यावरची एसटी तिच्यापेक्षा स्पष्ट ऐकू येत होती. तिनं माईक बदलून पाहिला, वाकळा दुमडल्या, मोबाईलला शिव्या दिल्या. जयंती चार दिवसांवर आली होती आणि पोरगी पहिल्यांदाच रडकुंडीला आलेली मी पाहिली.

तेवढ्यात सरजाबाई पाणी घेऊन आत आली आणि दारातच थांबली.

"इतक्या लांब कामून उभी हायस?"

सुकेशनीनं खाली पाहिलं. माईक तिथं आणि ती इथं, बरोबर दोन पावलं मागे. वर्षानुवर्षं सिद्धोधनच्या पाठीमागे जिथं उभी राहायची, तिथंच.

"फुडं कोन हाय गं आता?" सरजाबाई म्हणाली. "गाण्यात म्हन्तीस मागं का राहायचं, आन् सोता उभी मागं."

पोरगी हसली, मग रडली, मग डोळे पुसून माईकपासून वीतभरावर जाऊन उभी राहिली. मी घरी परतले, आणि त्या दिवशी तिचा आवाज पत्र्यातून माझ्या घरात आला तो भांड्यांसकट. कोरस मात्र तिनं मुद्दाम दोन पावलं मागूनच म्हटला, तीनदा, तीन आवाजांत. दुसऱ्या दिवशी तिनं गाणं वस्तीतल्या सगळ्यांना, पार्टीतल्या पोरींनाही, मोबाईलवर पाठवलं.

सिद्धोधन म्हणाला, "मोबाईलवरचं कोन ध्यानात ठेवतंय?"

जयंतीला संध्याकाळी सगळी वस्ती चौकात जमली. सुकेशनी आईजवळ सतरंजीवर बसली होती. सिद्धोधननं गळ्यात पेटी अडकवून तेच गाणं धरलं. गायला चांगलाच, त्याचं श्रेय त्याला दिलंच पाहिजे. शेवटच्या कडव्याला माईकजवळ तोंड नेऊन त्यानं म्हटलं, 'सिद्धोधन म्हणे बाई, मागं का राहायचं?'

मागच्या पोरींनी ओळ झेलली. 'सुकेशनी म्हणे बाई, मागं का राहायचं?'

त्यानं मान वळवून पाहिलं. पोरी समोर बघत होत्या. त्यानं स्वतःचं नाव आणखी जोरात घेतलं. पोरींनी तिचं घेतलं, आणि आता सतरंजीवरच्या बायाही म्हणू लागल्या. मीही म्हटलं. माझा आवाज फुटका आहे, पण त्या दिवशी कुणी नावं ठेवली नाहीत.

तिसऱ्यांदा सिद्धोधननं नावाची जागा रिकामीच सोडली. नुसती पेटी वाजवली. मग पेटीसकट माईकसमोरून बाजूला सरकला. त्याचा चेहरा पडला होता. मला त्याची दयाही आली, खोटं कशाला सांगू.

सरजाबाईनं लेकीला कोपरानं ढोसलं. सुकेशनी उठली, गर्दीतून वाट काढत पुढे गेली आणि माईकपासून वीतभरावर उभी राहिली. सिद्धोधननं तिला सूर दिला, आणि ती ओळ तिनं स्वतः म्हटली.