धिंगाण्याचं आवतण

आगाशीच्या शत्रुघ्न चुरीला एरवी कुणी पाहिलं असतं, तर हा माणूस इंग्रजी पंक रॉक गाण्यांच्या नादाला लागलेला आहे यावर त्याचा विश्वासच बसला नसता. आईवडील गेलेले, लग्न राहून गेलेलं, केळीची वाडी आणि मांडवावर उन्हात वाळणारी सुकेळी, एवढाच त्याचा संसार. घरात बोलायला माणूस नाही, म्हणून बोलायची सवय मोडलेली. पण वसईत ‘धिंगाणा’ नावाचा जो जलसा वर्षानुवर्षं गुपचूप चालला, तो या गड्याच्या सायकलवर चालला.

सुरुवात केली फेबियनने. हा शत्रुघ्नचा शाळेपासूनचा दोस्त. त्र्याण्णव-चौऱ्याण्णवच्या सुमारास त्याच्या हाती कुठून तरी पंकच्या कॅसेटी लागल्या आणि त्याचं डोकंच फिरलं. दोन-तीन सूर, फाटका आवाज आणि जगावरचा राग, एवढ्या भांडवलावर त्याने पोरं जमवली. गाणी पाण्याच्या टँकरवर, बिल्डरवर, बापाच्या टोमण्यांवर. जागा शत्रुघ्नच्या वाडीतली केळी ठेवायची पडवी. पहिल्या वर्षी पोरांनी हौसेने पोस्टर चिकटवले आणि तिथेच फसली. पोस्टर वाचून अख्खं गाव लोटलं, गावभर बोभाटा झाला, आणि दुसरं गाणं सुरू व्हायच्या आत वडीलधाऱ्यांनी मेन स्विच खाली ओढला.

फेबियन डोक्याला हात लावून बसला. तेव्हा शत्रुघ्न म्हणाला, “कागद नको. लग्नाचं आवतन देतात ना, तसं देऊ. दारात जाऊन, तोंडानं.”

त्याच्या घराण्यात छापील पत्रिकेला कुणी विचारत नसे. घरचा माणूस उंबऱ्याशी येऊन “यायचं हं” म्हणाला तरच ते आमंत्रण. ज्याच्या दारात तो गेला नाही, तो मांडवात पाऊल टाकत नाही आणि पुढे जन्मभर तोंड फुगवून बसतो. बापाबरोबर शत्रुघ्न अशी घरं फिरला होता. पोरं आधी खो खो हसली. मग त्यांनाही पटलं. फिरणार कोण, हा प्रश्नच नव्हता. सायकल आणि वेळ, दोन्ही असलेला एकच माणूस तिथे होता.

नाताळ उलटला की फेबियन बाजारात गाठून तारीख सांगायचा आणि शत्रुघ्न निघायचा. राजोडी, पाचूबंदर, विरारच्या नव्या बिल्डिंगा. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या, ड्रम वाजवणाऱ्या सुमेधची आई दरवर्षी दार किलकिलं करून आत ओरडायची, “अरे, तो केळीवाला आलाय!” पाचूबंदरला बेस गिटार वाजवणाऱ्याची म्हातारी आई मात्र त्याला उभ्याउभ्या जाऊ देत नसे. “बस रे, पानी पी आधी. वर्सातून एकदा तोंड दाखवतोस,” म्हणत ती समोर बसायची, वाडीचं विचारायची, लग्नाचं विचारून रागवायची. खरं सांगायचं तर शत्रुघ्न जगायचा तो या चार-पाच दिवसांसाठी. तो आला म्हणून कुणाचा तरी चेहरा खुलायचा. बाकीचं वर्ष केळी होतीच.

प्रत्यक्ष धिंगाण्याला तो वाडीच्या फाटकात उभा असे, कारण आवतण कुणाला गेलंय हे त्यालाच ठाऊक. आणि कडक इतका, की एकदा फेबियनच्या सख्ख्या मेहुण्याला त्याने परत पाठवलं. “आवतन नाय, तर आत नाय.” मेहुणा पाय आपटत गेला, पण फेबियननेही शत्रुघ्नचीच बाजू घेतली. सगळी गाणी शत्रुघ्नने अशी पाठमोरं उभं राहूनच ऐकली.

एकदा त्याने हसत हसत विचारलं होतं, “फेबियन, मला कोन देनार आवतन?”

“तुला? तू तर घरचा! घरच्याला कसलं आवतण रे?”

त्या ‘घरचा’वर त्याने कितीतरी वर्षं काढली.

मग मोबाइल आले. फेबियन मालाडच्या ऑफिसात लागला. दोन हजार सहाच्या नाताळानंतर शत्रुघ्नने नेहमीप्रमाणे सायकलला तेल दिलं, पडवी झाडली आणि वाट पाहत बसला. जानेवारी सरला. फोन करावा असं दहादा वाटलं, पण आपण होऊन विचारणं म्हणजे आवतण मागून घेणं, आणि तसं त्याच्या घरात कुणी केलं नव्हतं. यंदा करत नसतील, अशी त्याने मनाची समजूत घातली.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी आगाशीच्या बाजारात विनी भेटली. एकेकाळी धिंगाण्यात गळा फाडून गाणारी ही पोरगी आता कडेवर लेक घेऊन वांगी निवडत होती. “दुपारी भेटू ना राजोडीला?” ती म्हणाली. “मला तर परवा मेसेज आला. बरं झालं, तुझी यंदाची पायपीट वाचली.”

“हो, बरं झालं,” शत्रुघ्न म्हणाला.

दुपारी अंघोळ करून, जुना काळा टीशर्ट चढवून तो राजोडीला गेला. समुद्राजवळच्या एका बंगल्याच्या आवारात धिंगाणा सुरू होता. फाटक सताड उघडं, तिथे कुणीच नाही. तरी त्याचा पाय उचलेना. तो बाहेर सायकल धरून उभा राहिला.

फेबियनने आतून पाहिलं आणि गिटार गळ्यात तशीच ठेवून धावत आला. “अरे शत्रू! बाहेर काय उभा राहिलायस?”

“मला आवतन नाय.”

फेबियन मोठ्याने हसला. त्याला ती गंमत वाटली. “साला, अजून तसाच आहेस! बरं झालं आलास. जरा फाटकाकडे बघ ना, बाहेरचे कोणपण घुसतायत. गायचा माझा नंबर आहे आता.” खांद्यावर थाप मारून तो पळाला.

शत्रुघ्नने सायकल कुंपणाला टेकवली आणि फाटकात उभा राहिला. मागे फेबियनचं गाणं सुरू झालं.

थोड्या वेळाने समुद्रावर फिरायला आलेलं एक जोडपं आवाज ऐकून थांबलं. मुंबईचं असावं. बाईने विचारलं, “काका, आम्ही आत गेलो तर चालेल? आम्हाला कुणी बोलावलेलं नाही.”

शत्रुघ्नने त्यांच्याकडे पाहिलं. “चालतंय,” तो म्हणाला. “आता बोलवायला लागत नाय. जा तुम्ही.”

ती दोघं आत गेली. तो तिथेच उभा राहिला.