मावशीचा मुका राजपुत्र

शिवणकामाच्या त्या दुकानात काजं-बटणं करायला मावशी होती. हात काजात आणि तोंड गोष्टीत. तिच्या गोष्टींतलं शास्त्र सोपं होतं: राणी रागावली की अन्न सोडते, सावत्र आई जळायला लागली की गोड हसते आणि ज्याचं प्रेम खरं, तो राजपुत्र मुका होतो. जो फार बोलतो तो हटकून कपटी प्रधान निघतो.

दुकानातल्या पोरींनी हे भलतंच मनावर घेतलं होतं. एकजण नवऱ्यावर रुसली की ताट सरकवायची. नवरा तेही ताट संपवायचा. पण खरा घोळ घातला तो मावशीच्या सख्ख्या भाचीनं.

"मी बडबड्याला नाही म्हणणार आहे," मशीनवरून मान वर न करता ती म्हणाली.

बडबड्या म्हणजे दुकानाला बटणं पुरवणारा मुलगा. त्यानं तिला लग्नाचं सरळ विचारलं होतं आणि आज तो उत्तर घ्यायला येणार होता.

"का गं? तुला आवडतो की."

"आवडतो. पण किती बोलतो, मावशी. तू आवडतेस, तुझ्यावाचून करमत नाही, सगळं सांगून मोकळा. खरं असतं तर तोंडातून शब्द फुटला असता का? आता हा मास्तर बघ."

कापड बेतायच्या टेबलावर मास्तर खडूनं रेघा मारत होता. वर्षभरात तो भाचीशी अवाक्षर बोलला नव्हता.

"किती सोसतोय बिचारा," भाची म्हणाली.

मावशीच्या बोटात सुई गेली. "अगं, तो सोसतबिसत नाही. त्याच्याकडे बोलायला काही नाही. काही माणसं नुसतीच गप्प असतात."

"आणि काका?"

मावशीनं सुई पुन्हा काजात घातली. काकांच्या गप्प बसण्यावर तिचा सगळा संसार उभा होता. राजपुत्र तिनं तिथूनच तर उचलला होता.

दुपारी जेवायला घरी गेली, तर काका पेपर वाचत होते.

"काय हो, तुम्ही बोलत का नाही कधी?"

काकांनी पेपर खाली ठेवला. "तुझी गोष्ट चालू असते ना. संपली की बोलू, म्हटलं."

"लग्न झाल्यापासून?"

"लांबलीय जरा."

राणीसारखं अन्न सोडावं असं मावशीच्या मनात आलं, पण भूक लागली होती. ती जेवली, आणि भाचीला आता सगळं खरं सांगायचं असं ठरवूनच दुकानात परतली.

ती तोंड उघडणार, एवढ्यात बडबड्या दारात. हातात बटणांचा डबा, कपाळावर घाम. त्यानं भाचीकडे बघितलं, ओठ हलवले, पण आवाज काही निघेना. डबा तेवढा खुळखुळत राहिला.

भाचीचे डोळे भरून आले. "मावशी, बघ," ती कुजबुजली. "मुका झाला."

अगं, तो घाबरलाय, हे मावशीच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिनं दातांनी दोरा तोडला आणि नवं काज घेतलं.