हंड्यात किती मावते

शुक्रवार, १२ मार्च १९५४, सकाळी दहा वाजून पाच मिनिटे. कल्याणच्या आमच्या बँकेतील कॅशियरनी पिंजऱ्याच्या गजांतून बाहेर पाहिले आणि समोरच्या बाईला म्हटले, “आधी पिशवी दाखवा.”

ते प्रत्येकाला हेच म्हणत. चेक मागाहून पाहत. त्यांच्या लेखी पैसा ही आधी एक वस्तू होती. तिला लांबी, जाडी आणि वजन होते. किंमत नंतरची. नोटांचे पुडके ते मोजण्यापूर्वी तळहातावर उचलून पाहत. नव्या नोटांची दहा पुडकी साधारण शेरभर भरतात, वापरलेल्या नोटा मळाने जड होतात, पावसाळ्यात थप्पी फुगते, हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात ऐकवले. मी त्या शाखेचा एजंट होतो. मॅनेजरला तेव्हा एजंट म्हणत. मी ते ऐकून घेतले.

गवताचा एक व्यापारी रोकड कनवटीला बांधून नेणार होता. त्याला ते म्हणाले, “शेठ, पाच पुडकी बांधून तुम्ही चालाल. बसता मात्र येणार नाही.”

स्वतःच्या पगाराविषयी विचारले तर म्हणत, “तो वाऱ्याने उडू नये, एवढेच मी पाहतो.”

बँकेत काम केलेल्या कोणीही असा एखादा मनुष्य पाहिला असेल. या मनुष्याचा अंदाज चुकलेला मी एकदाच पाहिला. तो याच दिवशी.

बाई टिटवाळ्याकडच्या, शेतकरी घरातल्या. नवरा नव्हता. बरोबर जाऊ होती. रस्त्याकडेची जमीन कारखान्याला गेली होती आणि तिचे पैसे आमच्याकडे होते. त्यांतून दुसरे शेत घ्यायचे ठरले होते. विकणारा रजिस्ट्रेशनच्या कचेरीत येऊन बसला होता. त्याला अधिक दर देणारे दुसरे गिऱ्हाईक मिळाले होते. बाईंना दिलेला शब्द म्हणून तो आजच्या दिवसापुरता थांबला होता. कचेरी बंद होण्यापूर्वी रोकड पोचली नाही तर शेत गेले.

रकमेचा आकडा मी सांगणार नाही. ती सर्व एक आणि दोन रुपयांच्या नोटांत हवी होती.

“बाई, शंभराच्या घ्या,” मी म्हणालो. “किंवा ड्राफ्ट देतो. एकच कागद.”

“आन तो एक कागद बंद झाला तं?” बाई म्हणाल्या. “सासऱ्याची मोठी नोट बंद झाली तवापासून आमच्या घरान मोठी नोट येत नाय. शेतवाला पन घेनार नाय.”

सेहेचाळीस साली मोठ्या नोटा रद्द झाल्या होत्या. मी वाद घातला नाही.

“पिशवी?” कॅशियरनी पुन्हा विचारले.

जावेने तांब्याचा हंडा पुढे केला. डोक्यावर हंडा घेऊन चाललेल्या बाईकडे कोणी वळून पाहत नाही, हा त्यांचा हिशेब होता. कॅशियरनी हंड्यात हात घातला, वितीने खोली मापली, क्षणभर डोळे मिटले.

“मावेल.”

सौजन्य म्हणून त्यांनी कोऱ्या नोटांची पुडकी काढली. निम्मी आत गेली आणि हंडा गळ्यापर्यंत भरला. पुडकी आडवी केली, उभी केली. प्रत्येक कडेला पोकळी राहिली. कॅशियर बाकीच्या ढिगाकडे पाहत राहिले.

“साहेब, मी जन्मभर पेट्या भरल्या,” ते हळू म्हणाले. “गोल भांडे कधी भरले नाही.”

बाई हसल्या. “दादा, नवी नोट वाकत नाय. जुनी द्या. वाकल ती बसल.”

जुन्या नोटा म्हणजे सारी रक्कम पुन्हा मोजणे. रांगेतून आवाज आला, “अहो, आम्ही काय इथे भजनाला आलोय?”

“तुमची पिशवी मी पाहिली आहे,” कॅशियर म्हणाले. “ती थांबू शकते.”

मी कोट काढून खुर्चीवर टाकला आणि दुसऱ्या खिडकीवर बसलो. रांग माझ्याकडे वळली.

जाऊ हंड्यात पुडकी लावू लागली. “पाटीन मासली लावतात तशी लाव गं,” बाई सांगत होत्या. मळकी, मऊ पुडकी काठाशी वाकून बसली. एकावर एक कडी चढली. वर फडके, फडक्यावर जावेच्या ओटीतल्या कैऱ्या. कॅशियरनी हंडा दोन्ही हातांनी उचलून पाहिला.

“मान सांभाळा, बाई.”

“पान्याचा हंडा रोज आनते दादा. हा तं नाचत पन नाय.”

त्या गेल्या. कॅशियरनी त्यांच्या मागून जाण्याची परवानगी मागितली. खिडकी उघडी होती, म्हणून मी नाकारली. दुपारभर त्यांनी कोणाचीही पिशवी पाहायला मागितली नाही. मान सारखी दाराकडे होती. आपल्या चुकीने गेलेला वेळ त्यांना सलत होता. त्याचे माप त्यांच्याजवळ नव्हते.

पुढे निवृत्त होऊन ते डोंबिवलीला राहिले आणि तेथेच वारले. अंत्ययात्रेला मी गेलो होतो. त्यांच्या जागी आलेला मनुष्य चोख होता. त्याच्याविषयी मला काही लिहिता येणार नाही.

त्या संध्याकाळी आम्ही रोकड हिशेबाशी जुळवून तिजोरीला दोन्ही किल्ल्या लावल्या, तोच मागच्या दाराशी दोघी जावा उभ्या राहिल्या. बाईंनी अंगठा दाखवला. त्यावर शाई होती.

“झाला?” कॅशियरनी विचारले.

“झाला. शेत माजा झाला. आता पानी द्या दादा. आजच्या दिसान रिकामा हंडा घरान नेनार नाय.”

कॅशियर हंडा स्वतः परसातल्या नळाखाली घेऊन गेले.

“किती भरू?”

“तल झाकला का पुरे.”

त्यांनी तळ झाकला, मग ओंजळभर अधिक घातले, आणि हंडा बाईंच्या डोक्यावर ठेवला. दोघी स्टेशनच्या दिशेने गेल्या. कॅशियर त्या दिसेनाशा होईपर्यंत दारात उभे होते. नळ ठिबकत राहिला होता. मी तो घट्ट पिळून बंद केला.